घराण्याचा इतिहास आणि ऑनलाइन पुरावे: बडोदेकर मराठी कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातल्या मराठी घराण्यांचे कागद एका जागी कधीच नव्हते. मूळ गाव सातारा, कोकण किंवा खानदेशात. आजोबा-पणजोबांची नोकरी बडोदे, कडी, नवसारी किंवा अमरेली प्रांतात. १ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ मे १९६० पासून हा सगळा मुलूख गुजरातेत आला. त्यामुळे एकाच घरचे पुरावे मोडी, देवनागरी, गुजराती आणि रोमन अशा चार लिप्यांत सापडतात. आता त्यातले बरेचसे इंटरनेटवर दिसतात, पण गुजरात सरकारची, महाराष्ट्राची, दिल्लीची आणि परदेशातली संकेतस्थळे एकमेकांना ओळखत नाहीत. सापडलेले पुन्हा सापडावे म्हणून काय करावे, याविषयी सतत येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे खाली दिली आहेत.

नुसता दुवा जपून ठेवला तर पुरेसे नाही का?

नाही. दुवा हा पत्ता असतो. पुरावा म्हणजे त्या पत्त्यावर दिसलेला कागद. पत्ता बदलतो, घर पाडले जाते, कधी मालकच निघून जातो. लोकांच्या गप्पांची आणि गटांची संकेतस्थळे पाहा: ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाले, याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० ला, जिओसिटीज २००९ मध्ये. या तिन्ही ठिकाणी घराण्यांच्या याद्या होत्या, आडनावांवरच्या चर्चा होत्या, स्कॅन केलेल्या वंशावळी होत्या. ज्यांनी वहीत फक्त दुवा लिहिला त्यांच्या हाती आज एक मृत अक्षरओळ उरली आहे.

डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचे मूळ संकेतस्थळ बंद पडले तेव्हा वेगळे घडले. तिथली लाखो पुस्तके इंटरनेट आर्काइव्ह या फुकट ऑनलाइन ग्रंथभांडारावर नव्या पत्त्यांनी आली. ज्यांनी पुस्तकाचे नाव, प्रकाशनाचे साल आणि पान लिहून ठेवले होते, त्यांना पाच मिनिटांत तेच पान परत मिळाले. म्हणून नोंद लिहिताना एक कसोटी लावा: उद्या हे संकेतस्थळ नाहीसे झाले, तर तुमच्या भाचीला केवळ या नोंदीवरून तोच कागद दुसरीकडे शोधता येईल का?

मग एका नोंदीत काय काय असावे?

आधी कागदाची ओळख लिहा: तो काय आहे, कोणी आणि कधी तयार केला, त्यातला नेमका क्रमांक किंवा पान कोणते. मग तो कुठे दिसला ते लिहा: संकेतस्थळाचे नाव, पूर्ण पत्ता, पाहिल्याची तारीख. त्यानंतर त्यात काय म्हटले आहे ते, शक्यतो मूळ शब्दांत. आणि अगदी वेगळ्या जागी, त्यावरून तुम्ही काय अनुमान काढले ते.

शेवटच्या दोन गोष्टींची सरमिसळ हा सर्वांत महाग पडणारा दोष आहे. कागदात 'गणपतराव बिन रामराव' (म्हणजे रामरावांचा मुलगा) एवढेच असते. 'हे आपले खापरपणजोबा' हे तुमचे अनुमान असते. दोन्ही एकाच रकान्यात लिहिले, तर दहा वर्षांनी कोणालाच कळत नाही की हे कागद सांगतो की लिहिणारा.

छापील पुस्तकाची नोंद अशी दिसेल: 'बडोदे संस्थानाचे गॅझेटिअर, इंग्रजी, गोविंदभाई देसाई व क्लार्क, १९२३, खंड (१ की २), छापील पान (क्रमांक), इंटरनेट आर्काइव्ह, ओळखक्रमांक (जसा आहे तसा), पाहिले १२ जून २०२५.' पुस्तक कोणत्याही ग्रंथालयात मिळाले, तरी या नोंदीवरून ते पान उघडता येते.

नोंद कधी लिहायची?

टॅब बंद करण्यापूर्वी. 'रात्री सगळे एकदम लिहू' म्हणून ठेवलेल्या वीस टॅबपैकी निम्म्यांबाबत रात्री एवढेच आठवते की काहीतरी महत्त्वाचे होते.

वही ठेवावी, तक्ता करावा की सॉफ्टवेअर घ्यावे?

सुरुवातीला साधा तक्ता उत्तम. गूगल शीट्स चालेल, लिबरऑफिस चालेल. रकाने एवढे पुरेत: अनुक्रमांक, पाहिल्याची तारीख, कागदाची ओळख, संकेतस्थळ आणि पत्ता, जतन केलेल्या प्रतीचा पत्ता, तुमच्या संगणकावरील फाइलचे नाव, मूळ मजकूर, लिपी, कोणत्या व्यक्तीसंबंधी, अनुमान, शेरा. अनुक्रमांक एकदा दिला की बदलू नका आणि नोंद रद्द झाली तरी तो क्रमांक दुसऱ्या नोंदीला देऊ नका. वंशावळीच्या कागदावर नावाखाली फक्त 'नों. ४७' लिहिले की काम भागते.

नोंदी दोन-तीनशेच्या पुढे गेल्या की झोटेरो हे संदर्भ जपणारे सॉफ्टवेअर उपयोगी पडते. ते फुकट आहे, ब्राउझरमधून एका टिचकीत पानाची माहिती आणि पानाची प्रत दोन्ही उचलते. मात्र सरकारी पानांचे शीर्षक बहुधा निरुपयोगी असते ('मुख्यपृष्ठ' किंवा नुसता विभाग), ते हाताने दुरुस्त करावे लागते. नाती, पिढ्या आणि पुरावे एकत्र बांधायचे असतील तर ग्रॅम्प्स हे मुक्त सॉफ्टवेअर घ्या. त्यात स्रोत, त्यातला नेमका उल्लेख आणि तो स्रोत ठेवणारी संस्था अशा तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. ही शिस्त सुरुवातीला जाचक वाटते, पण एकाच कुलवृत्तांतातून (कुळाच्या छापील इतिहासातून) साठ नावे घेतली की तिची किंमत कळते.

एक सावधगिरी. वंशावळीची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना गेडकॉम फाइल वापरतात. जुने सॉफ्टवेअर ती फाइल युनिकोडऐवजी 'आन्सी'मध्ये साठवते आणि सगळ्या मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. एकदा प्रश्नचिन्ह झालेले अक्षर परत येत नाही. निर्यात करताना यूटीएफ-८ निवडा आणि मूळ फाइल पुसण्याआधी नवी उघडून चार नावे वाचून पाहा.

इंटरनेट आर्काइव्हवर कुलवृत्तांत सापडला. पान क्रमांक कोणता द्यायचा?

छापील पानावरचा. पत्त्याच्या शेवटी 'पेज' या शब्दानंतर 'एन' अक्षर आणि एक आकडा दिसतो, तो स्कॅन केलेल्या चित्राचा क्रमांक असतो. मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, प्रस्तावना यांमुळे तो छापील पानापेक्षा दहा-वीसने पुढे असतो. दोन्ही लिहा, पण कोणता कोणता ते स्पष्ट करून.

कुलवृत्तांतात आणखी एक गोष्ट लागते: शाखा किंवा घराणे क्रमांक आणि पिढीचा क्रमांक. एकाच पानावर तीन 'विष्णू' असू शकतात. आवृत्तीही पाहा. काही कुळांनी वीस-तीस वर्षांनी सुधारलेली आवृत्ती काढली आहे आणि तीत जुन्या चुका दुरुस्त झाल्या आहेत (क्वचित नव्या शिरल्याही आहेत).

डिजिटल लायब्ररीतून आलेल्या पुस्तकांची शीर्षके रोमन लिपीत, मनाला येईल तशी लिहिली आहेत आणि साल बऱ्याचदा चुकीचे आहे. साल यादीवरून घेऊ नका, पुस्तकाचे शीर्षकपान उघडून तिथूनच घ्या. शोधतानाही 'कुलवृत्तांत', 'कुळवृत्तांत' आणि 'कुलवृत्तान्त' या तिन्ही रूपांची रोमन स्पेलिंगे करून पाहा.

पान नाहीसे होण्याआधी जतन कसे करायचे?

वेबॅक मशीन हे इंटरनेट आर्काइव्हचे जुनी पाने जपणारे साधन आहे. त्यावर 'सेव्ह पेज नाऊ' या चौकटीत पत्ता टाका. थोड्या वेळात जतन झालेल्या प्रतीचा नवा पत्ता मिळतो. त्यात चौदा आकडे असतात: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. ही वेळ ग्रिनिचची असते. आपल्याकडे पाच तारखेच्या पहाटे तीनला जतन केलेले पान त्या पत्त्यात चार तारखेच्या रात्री साडेनऊचे दिसेल. तुमच्या नोंदीत भारतीय तारीख असल्याने हा फरक पाहून पुढे कोणी गोंधळू नये म्हणून शेऱ्यात लिहून ठेवा. आकड्यांच्या जागी फुलीचे चिन्ह (*) टाकले तर त्या पानाच्या आजवर जतन झालेल्या सगळ्या प्रतींचे कॅलेंडर उघडते. मेलेला दुवा शोधताना हाच पहिला उपाय.

लॉगिन लागणारी, चित्रातली अक्षरे टाइप करून उघडणारी आणि शोध घेतल्यावरच तयार होणारी पाने तिथे जतन होत नाहीत. अशा पानांसाठी ब्राउझरमधून पीडीएफ छापा आणि पडद्याचे चित्रही घ्या. चित्रात पत्त्याची पट्टी आणि तारीख दिसू द्या.

केवळ एका भांडारावर विसंबू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि इंडिया ऑफिसच्या (लंडनहून हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्याच्या) कागदांची ऑनलाइन सूची कित्येक महिने बंद राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द इंटरनेट आर्काइव्हच हल्ल्यामुळे काही दिवस बंद होते. ज्या कागदावर तुमच्या वंशावळीची एखादी पिढी उभी आहे, त्याची प्रत तुमच्या घरात हवी.

गुजरातच्या एनीआरओआर या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावर वारसाईची नोंद मिळाली, पण दुसऱ्या दिवशी दुवा उघडत नाही.

उघडणारच नाही. तिथले प्रत्येक पान तुम्ही जिल्हा, तालुका, गाव आणि क्रमांक निवडल्यावर त्या क्षणी तयार होते, त्याला कायमचा पत्ता नसतो. इथे दुव्याऐवजी वाट लिहायची: 'ग्रामीण जमीन नोंदी, गाव नमुना ६, जिल्हा, तालुका, गाव, नोंद क्रमांक, नोंदीचा प्रकार वारसाई, नोंदीची तारीख.' या क्रमाने कोणीही पुन्हा तिथे पोहोचेल.

घराण्याच्या दृष्टीने सातबारापेक्षा नमुना ६, म्हणजे हक्कपत्रक, अधिक मोलाचे. सातबारा आजचा धारक सांगतो. हक्कपत्रकात मयताचे नाव, मृत्यूनंतर लागलेले वारस, त्यांत विधवा आणि मुली, कधी वये, असे सगळे एका नोंदीत येते. ज्या मुलींची नावे घरच्या वंशावळीत कोणी लिहिली नाहीत, त्या इथे भेटतात. सातबाऱ्यावर सर्व्हे क्रमांकासमोर जे नोंद क्रमांक दिलेले असतात, ते एकेक करून नमुना ६ मध्ये उघडत मागे जायचे. जुन्या हस्तलिखित पानांचे स्कॅन 'ओल्ड स्कॅन्ड' या वेगळ्या पर्यायाखाली आहेत. नव्या यादीत नोंद मिळाली नाही म्हणून ती नाहीच असे समजू नका.

हमखास चुकते ते दोन ठिकाणी. पहिले, फेरमोजणी झालेल्या गावांत सर्व्हे क्रमांक बदलले आहेत. आजीच्या कागदावरचा जुना क्रमांक टाकला तर भलत्याच माणसाची जमीन उघडते. जुन्यावरून नवा क्रमांक देणारा पर्याय त्याच संकेतस्थळावर आहे, तो वापरा आणि नोंदीत दोन्ही क्रमांक ठेवा. दुसरे, १५ ऑगस्ट २०१३ ला छोटा उदेपूर जिल्हा वेगळा झाला. संखेड्याकडचे गाव वडोदरा जिल्ह्यात शोधत बसाल तर मिळणार नाही.

शहरातल्या वाड्यासाठी हा मार्ग नाही, तिथे सिटी सर्व्हेचे प्रॉपर्टी कार्ड पाहावे लागते. आणि वारसा हक्काच्या कज्जासाठी ऑनलाइन पाहिलेली प्रत चालत नाही. ती इतिहासासाठी ठीक, कचेरीसाठी अधिकृत नक्कल घ्या.

फॅमिलीसर्चवरील पानाचा उल्लेख कसा करावा?

फॅमिलीसर्च हे जुन्या नोंदींची चित्रे ठेवणारे वंशावळीचे संकेतस्थळ आहे. तिथे प्रत्येक चित्राला 'आर्क' नावाचा कायम क्रमांक असतो, त्यात ६१९०३ हा आकडा दिसतो. पत्त्यात प्रश्नचिन्ह असेल तर ते आणि त्यापुढचा सगळा भाग काढून टाका, तो तुमच्या त्या वेळच्या शोधाचा असतो. शिवाय चित्रगटाचा क्रमांक आणि गटातल्या चित्राचा क्रमांक ('इतक्यांपैकी इतकावा') लिहा. खाते फुकट काढता येते, पण काही चित्रे फक्त त्यांच्या केंद्रात बसूनच उघडतात. तसे असेल तर शेऱ्यात लिहा, नाहीतर पुढचा शोधणारा स्वतःच चुकतो आहे असे समजेल.

तिथे तीर्थोपाध्यायांच्या वह्या (तीर्थाला आलेल्या घराण्यांची नावे उतरवलेल्या) मिळतात का?

हरिद्वारसह काही तीर्थांच्या वह्या फॅमिलीसर्चने चित्रित केल्या आहेत, पण त्यांची नावनिहाय सूची जवळजवळ नाही, पाने चाळावी लागतात. बडोद्याच्या मराठी घरांसाठी नाशिक आणि त्र्यंबकेश्वर जास्त फलदायी. त्याखेरीज जवळची दोन ठिकाणे विसरू नका: नर्मदेकाठचे चांदोद आणि मातृगयेसाठी (आईच्या श्राद्धासाठी) सिद्धपूर, जे संस्थानाच्या कडी प्रांतातच होते. तिथे प्रत्यक्ष जाऊन वहीचे पान पाहिले तर त्याचीही नोंद ऑनलाइन स्रोतासारखीच करा: उपाध्यायांचे घराणे, वही कोणत्या गावाची किंवा आडनावाची, पान, लेखाची मिती आणि सही कोणाची.

राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल'वर बडोदा रेसिडेन्सीची (संस्थानातल्या इंग्रज प्रतिनिधीच्या कचेरीची) फाइल दिसते. काय लिहून घ्यावे?

खाते, शाखा, वर्ष आणि महिना, फाइल किंवा प्रोसीडिंग्जचे क्रमांक, आणि फाइलचे पूर्ण शीर्षक. पोर्टलची रचना बदलली की पत्ते बदलतात, हे क्रमांक बदलत नाहीत. आडनावाने शोधून फारसे हाती लागणार नाही. हुद्दा, देवस्थान, इनाम किंवा गावाच्या नावाने शोधा, कारण शीर्षके इंग्रज कारकुनांनी विषयानुसार दिली आहेत.

जुन्या खानेसुमारीत (जनगणनेत) घराण्याचे नाव मिळेल का?

छापील अहवालांत व्यक्तींची नावे नसतात. वस्ती, जाती, भाषा, शिक्षण यांचे आकडे मिळतात. पणजोबांच्या काळात नवसारी प्रांतात मराठी बोलणारे किती होते, हे मात्र तिथून नक्की कळते.

शोधूनही काही मिळाले नाही, तेही लिहायचे?

हो, आणि नेटाने. न मिळालेल्या शोधांचा तक्ता वेगळा ठेवा: तारीख, संकेतस्थळ, कोणता शब्द कोणत्या लिपीत टाकला, कोणती वर्षे निवडली, निकाल शून्य. नाहीतर तोच निष्फळ शोध दर दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा होतो.

शब्द नेमका लिहायचा कारण आडनाव एक असले तरी रूपे अनेक. जुन्या इंग्रजीत गायकवाडांचे 'गुइकोवार' होते, राव चे 'रो' होते. गुजराती यादीत जाधवांचे 'जादव' होते, नावापुढचा 'राव' गळतो किंवा त्याजागी 'भाई' लागतो आणि आडनाव आधी येते. कुलकर्णी-कुळकर्णी, शितोळे-सितोळे अशी जोडी तर घरातच असते. प्रत्येक आडनावासाठी अशा रूपांची यादी एका कागदावर करून संगणकापाशी चिकटवा. गुजराती लिपीत टाइप करायला फोनवर कळफलक घालता येतो. देवनागरीत टाकलेला शब्द गुजराती यादीत आपोआप सापडत नाही.

शक, संवत, सुहूर सन: तारीख कशी लिहू?

आधी कागदावर आहे तशी, मग चौकटी कंसात इसवी. उलट कधीच करू नका, कारण रूपांतरात चूक झाली तर मूळ मिती हाताशी हवी.

शकात ७८ मिळवा. मिती जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंतची असेल तर ७९. गुजरातेत विक्रम संवत कार्तिकात, दिवाळीच्या पाडव्याला बदलतो, म्हणून कार्तिकापासून डिसेंबरअखेर ५७ वजा करा, जानेवारीपासून आश्विनापर्यंत ५६. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या कागदांत संवत चैत्रात बदलतो, तिथे चैत्र ते डिसेंबर ५७ वजा होतात. तिकडचे महिने पौर्णिमान्त असल्याने वद्य पक्षाला महिन्याचे नाव आपल्यापेक्षा एक पुढचे असते. ज्यांचे नातेवाईक होळकर किंवा शिंदे सरकारच्या चाकरीत होते त्यांनी हा फरक वहीच्या पहिल्या पानावर लिहावा.

सुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांतली अरबी कालगणना, मृगाच्या सुमारास बदलतो. तेव्हापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पडताळा म्हणून पानिपत घ्या: १४ जानेवारी १७६१. शके १६८२ पौष, म्हणून १६८२ अधिक ७९. सुहूर सन ११६१, म्हणून ११६१ अधिक ६००. दोन्हीकडून १७६१ येते.

गावाचे नाव जुने लिहावे की नवे?

दोन्ही. नवसारी आधी बडोदे संस्थानातला प्रांत, १९४९ नंतर सुरत जिल्ह्यात, १९६४ पासून वलसाड जिल्ह्यात, १९९७ पासून स्वतंत्र जिल्हा. कागद ज्या सालचा, त्या सालची कचेरी शोधावी लागते. म्हणून 'तेव्हा अमुक प्रांत, आता अमुक जिल्हा' असे लिहा.

फाइलला नाव कसे द्यावे?

नोंद क्रमांक, कागदाचे साल, कागदाचा प्रकार, गाव. उदाहरणार्थ '००४७-१९३२-वारसाई-डभोई'. शून्ये आधी दिली की यादी क्रमाने लागते. मराठीत नाव द्यायला हरकत नाही, पण आटोपशीर ठेवा. युनिकोडमध्ये देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट घेते, काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. 'वडोदरा' हा शब्द अठरा बाइटांचा होतो. अँड्रॉइड आणि लिनक्सवर नावाची मर्यादा २५५ बाइट, म्हणजे पंच्याऐंशी चिन्हे. जुन्या विंडोजवर फोल्डरांसकट पूर्ण मार्ग २६० अक्षरांत बसावा लागतो, नाहीतर फाइल दुसऱ्या डिस्कवर जात नाही. झिप करून पाठवताना मराठी नावे कधीकधी बिघडतात, तेव्हा आतला क्रमांकच ओळख वाचवतो.

याच कारणाने मराठी विकिपीडियाचा दुवा चिकटवल्यावर टक्केचिन्हांची लांब रांग दिसते. पत्त्यात प्रत्येक चिन्हाची नऊ अक्षरे होतात. ती रांग तशीच राहू द्या. आणि विकिपीडियाचा आधार घ्यायचाच असेल तर पानाच्या इतिहासातून त्या दिवसाच्या आवृत्तीचा पत्ता घ्या, कारण चालू पान उद्या वेगळे असेल.

जुन्या मराठी संकेतस्थळावरचा मजकूर कॉपी केला तर भलतीच अक्षरे येतात.

ते पान युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहे. अक्षरे दिसतात देवनागरी, आत साठवलेली असतात रोमन. कॉपी करू नका, पीडीएफ आणि चित्र घ्या आणि हवा तेवढा मजकूर हाताने टाइप करा. गूगलला असे पान मराठी शब्दाने सापडत नाही, म्हणून त्याची नोंद अधिकच काळजीने ठेवा.

आत्याने व्हॉट्सअॅपवर वंशावळीचा फोटो पाठवला. त्याला स्रोत म्हणता येईल?

फोटो ही प्रत आहे. स्रोत आहे तो मूळ कागद, आणि तो कोणाच्या कपाटात आहे हे आत्यांना लगेच विचारा. पाठवलेल्या फोटोचा दर्जा कमी होतो, काढल्याची तारीख त्यातून पुसली जाते, आणि पुढे ढकलला की पहिला पाठवणारा कोण हेही कळत नाही. त्यांना तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पुन्हा पाठवायला सांगा, मग तो जसाच्या तसा येतो. चारही कोपरे आणि मागची बाजू मागा. मागच्या बाजूला लिहिलेले नाव आणि तारीख अनेकदा पुढच्या मजकुरापेक्षा कामाचे निघते. नोंदीत: कोणी पाठवला, कोणत्या दिवशी, मूळ कोणाकडे, त्यांना तो कोणाकडून आला.

जेनीवर आमची नऊ पिढ्यांची वंशावळ तयार आहे. तीच उतरवू का?

उतरवा, पण 'दिशादर्शक' म्हणून. जेनी हा सगळ्यांचा सामायिक वृक्ष आहे. कोणी दोन व्यक्ती एकत्र जोडल्या की तुम्ही काल पाहिलेला बाप आज बदलतो. म्हणून व्यक्तीचा क्रमांक, पाहिल्याची तारीख आणि पानाचे चित्र ठेवा, मग त्या नोंदीखाली पुरावा जोडला आहे का ते पाहा. नसेल तर ती ऐकीव माहिती.

तीन संकेतस्थळांवर तीच तारीख आहे म्हणून ती तीनदा सिद्ध होत नाही. बहुतेक वेळा एकाने कुलवृत्तांतातून घेतली आणि बाकी दोघांनी त्याच्याकडून. शब्दरचना किंवा चूक सारखी असेल तर मूळ एकच समजा.

संगणकीय संवादसाधनाने (चॅटबॉटने) आमच्या आडनावाचा इतिहास सांगितला. नोंद कशी करू?

पुरावा म्हणून करू नका. त्याने एखाद्या पुस्तकाचे नाव दिले असेल तर ते पुस्तक आणि ते पान प्रत्यक्ष उघडा. नाव अस्तित्वात नसलेल्या पुस्तकाचे असू शकते. पान मिळाले तर नोंद त्या पानाची.

मोडी कागदाचे वाचन दोघांनी वेगवेगळे दिले. कोणते धरावे?

दोन्ही ठेवा, वाचणाऱ्याचे नाव आणि तारखेसह, आणि चित्र त्यांच्याशेजारी. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळले जात नाही, शब्द तोडले जात नाहीत, काही अक्षरे घाईच्या हातात एकसारखी दिसतात. शंकास्पद अक्षराला चौकटी कंसात प्रश्नचिन्ह द्या. २०२३ पासून महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर कुणबी नोंदींसाठी जुन्या कागदांचे स्कॅन आले आहेत. मूळ गाव त्या बाजूचे असेल तर ते पाहा, मात्र उतरवताच फाइलला स्वतःचे नाव द्या, कारण तिथल्या फाइलनावावरून गाव कळेलच असे नाही.

हयात माणसांची माहिती?

तक्त्यात ठेवा, जगासमोर मांडू नका. जन्मतारीख, आईचे माहेरचे आडनाव आणि पत्ता एकत्र मिळाले की फसवणूक करणाऱ्याला दुसरे काही लागत नाही. मतदार यादीचे पान वेबॅक मशीनवर जतन करू नका. एकदा गेलेले तिथून काढणे तुमच्या हातात राहत नाही.

माझ्याकडे चारशे दुवे विस्कळीत पडले आहेत. सुरुवात कुठून करू?

आधी सगळे उघडू नका. ब्राउझरमधून बुकमार्कांची फाइल निर्यात करून ठेवा. मग ज्यांच्या संकेतस्थळांना धोका जास्त आहे ते घ्या: व्यक्तींनी स्वतः चालवलेली पाने, लहान मंडळांची पाने, फुकट जागेवरची पाने. सरकारी आणि मोठ्या भांडारांचे नंतर. रोज दहा दुवे: उघडतो का पाहायचे, जतन करायचे, नोंद लिहायची. जे उघडत नाहीत ते फुलीवाल्या पत्त्याने वेबॅक मशीनवर शोधायचे. चाळीस दिवसांत काम आटोपते.

तक्ता आणि फाइलींच्या तीन प्रती ठेवा: संगणकावर एक, वेगळ्या डिस्कवर एक, आणि एक घराबाहेर, क्लाउडवर किंवा दुसऱ्या गावच्या चुलतभावाकडे. तक्त्याची छापील प्रत वर्षातून एकदा काढा, आणि पासवर्ड कुठे आहे ते घरातल्या एका तरुण माणसाला सांगून ठेवा.